भूक सुटते, तशी मरतेही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ताणतणाव आणि खाण्याची ओढ यांवर आलेला लेख वाचला. सोबतच्या चित्रात पोट सुटलेला एक माणूस वेफर्सचं पाकीट मांडीवर घेऊन बसला होता. ताण आला की माणूस खात सुटतो, तेव्हा मनाला लगाम घाला, अमुक बंद करा, तमुक घरात आणूच नका, असा एकूण सूर. मी बरीच वर्षं एका कार्यालयाचं कँटीन चालवते. काउंटरवर उभं राहून पाहिलं तर लेखात खोटं काही नाही. पण कँटीनला मागचीही बाजू असते, भांडी घासायची. तिथून जे दिसतं त्यावर लेखात चकार शब्द नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी आमच्याकडे नोकरकपातीची कुणकुण लागली. अधिकृत काही नाही, नुसती कुजबुज. पहिला फरक चार वाजता दिसला. एरवी सहापर्यंत पुरणारं गोड आणि तळलेलं चारलाच संपायला लागलं. चहा वाढला. 'नको, वजन वाढतं' म्हणणारेच चॉकलेटं दोन-दोन उचलून खिशात टाकू लागले. गल्ला वाढला, ते कशाला नाकारू? पण त्याच सुमारास भांडी घासणारा मुलगा येऊन म्हणाला, "मावशी, उष्ट्याची बादली हल्ली जेवणाच्या सुट्टीतच भरतेय."

मी मागे जाऊन उभी राहिले. ताटं परत येत होती ती जवळजवळ भरलेली. घास-दोन घास खाल्लेले, बाकीचं चमच्यानं सारून ताटभर पसरलेलं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं जेवण झालंय. एका ताटात उकडलेल्या अंड्याचे व्यवस्थित चार तुकडे केले होते आणि चारही जिथल्या तिथे होते. हे ताट कोणाचं ते शोधावं लागलं नाही. हिशेब विभागातले एक गृहस्थ रोज भिंतीकडच्या टेबलावर बसतात. ताट न घेतलं तर शेजारचे विचारणार, म्हणून घ्यायचे. पट्टा शेवटच्या भोकावर आला होता. आणि या माणसाला ऐकायला काय मिळायचं? "वा, चांगलंच कमी केलंत की! कोणतं डाएट?" ते हसून वेळ मारून न्यायचे. त्याच टेबलावरच्या एका बाईंना गोडाची ओढ लागली होती; त्यांना मात्र येता-जाता टोमणे. दोघांना पोखरणारी गोष्ट एकच. एकीला बोल लागतो आणि दुसऱ्याला शाबासकी मिळते, आणि शाबासकी मिळणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

शरीराच्या हिशेबानं दोन्ही गोष्टी सरळ आहेत. माझी भाची मानसशास्त्र शिकते, तिच्याकडून मी हे समजून घेतलं. संकट समोर आलं की मेंदू आधी भूक बंद करतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून सुटणारं सीआरएच नावाचं रसायन भूक दाबतं, अ‍ॅड्रिनलिनमुळे रक्त स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी घास घशाखाली उतरत नाही तो यामुळेच. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून येणारं कॉर्टिसॉल मागाहून येतं आणि रेंगाळतं. ते भूक वाढवतं, त्यातही गोड आणि स्निग्ध पदार्थांची. पळून किंवा लढून झालं की खर्चलेली शक्ती भरून काढायची ही सोय. कपातीच्या कुजबुजीत मात्र पळताही येत नाही आणि लढायचं कोणाशी तेही कळत नाही. खुर्चीत बसून महिनोन्‌महिने वाट बघायची. अशा वेळी कोणाची भूक दबलेलीच राहते, कोणाची सुटते. काहींच्या बाबतीत दोन्ही होतं. दुपारी ताट परत आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाताला लागेल ते.

आमच्या घरीही हे झालंय. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी आणि दादा बाहेरच्या बाकावर बसून असायचो. माझ्या हातात बिस्किटांचा पुडा असे आणि तो कधी संपला ते मला कळत नसे. दादा नुसत्या पाण्यावर. "दादा, दोन घास तरी खा," म्हटलं की "ठेव, खातो," म्हणायचा, आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी. भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण मला म्हणालाच, "तुला बरं खायला सुचतं!" म्हणजे ऑफिसात न खाणारा शहाणा ठरतो, तर इस्पितळाच्या बाकावर खाणारी निर्दय. पोटातल्या आतड्यांनी कोणाकोणाची मर्जी सांभाळायची?

आता लेखातल्या 'हे बंद, ते बंद' या यादीविषयी. हर्मन आणि मॅक यांचा १९७५चा एक प्रयोग भाचीनं मला सांगितला. काही मुलींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग चव बघायची म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या रोज स्वतःला अडवत होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर आता मोडूच दे! हे मला प्रयोगाशिवायही ठाऊक आहे. "आज गेलंच, आता सोमवारपासून," असं म्हणत तिसरी वाटी मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे कमी नाहीत, आणि ती बहुतेक सगळी कडक पथ्यावरची असतात. आधीच धास्तावलेल्या माणसाला वर आणखी एक नापास व्हायचा विषय कशाला द्यायचा?

चॉकलेट खावंसं वाटणं म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता, हे लेखातलं विधानही जपून घ्यायला हवं. मिचनर आणि रोझिन यांनी १९९४ मध्ये चॉकलेटची ओढ लागलेल्यांना कधी चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट, तर कधी कोकोची पूड भरलेल्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. कॅप्सूलनं काहीच साधलं नाही, पांढऱ्या चॉकलेटनं थोडी ओढ शमली आणि खऱ्या चॉकलेटनं सर्वांत जास्त. कोकोतले मॅग्नेशियमसारखे घटक पोटात जाऊनही जर ओढ तशीच राहत असेल तर ती चवीची, वासाची, तोंडात विरघळण्याची असणार. अपवाद आहेत. सारखा बर्फ चघळावासा वाटत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं, कारण ते खरंच कमी असू शकतं.

मग आवडीचं खाऊन मन हलकं होतं का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना मन खिन्न करणारी दृश्यं दाखवली आणि मग कोणाला त्याच्या खास आवडीचं, कोणाला दुसरंच काही खायला दिलं, तर कोणाला काहीच दिलं नाही. थोड्या वेळात सगळ्यांचं मन सारखंच सावरलं. मला हे पटतं, पण अर्धंच. प्रयोगशाळेतली खिन्नता दृश्य संपलं की संपते, कपातीची यादी संपत नाही. शिवाय चार वाजता काउंटरवर येणाऱ्याला खाण्याइतकीच खुर्चीतून उठायला सबबही हवी असते. काहीजण पदार्थ घेऊन दहा मिनिटं खिडकीपाशी बोलत उभे राहतात आणि निम्मा तसाच गुंडाळून परत नेतात. पडद्यापुढे बसून खाणाऱ्याचं पाकीट मात्र तळाशी जातं.

झोपेबद्दल लेखात एक ओळ होती, ती मोठी हवी होती. २००४च्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. काळजीनं रात्रभर टक्क जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी 'मनावर ताबा ठेव' म्हणून काय उपयोग?

मी काय केलं, तर फार काही नाही. अर्धं ताट सुरू केलं. भरलेलं ताट बघूनच काहींचं पोट आवळतं, हे त्या बादलीनं शिकवलं. कपातून सूप ठेवलं, कारण चावायचा कंटाळा असणाऱ्याच्या गळ्याखाली पातळ उतरतं. काउंटरवर "एवढंच?" आणि "परत?" हे दोन्ही प्रश्न विचारायला बंदी केली. हिशेब विभागातले ते गृहस्थ हल्ली सूप घेतात. ताट घ्यायचं नाटक थांबलं. गोडाच्या पदार्थांना मी हात लावलेला नाही.

अट्टल खाणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवायला घरचे तयार असतात. आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने, ताबा सुटून अचाट खाल्लं जात असेल आणि नंतर त्याची बोच लागत असेल, तर तो बिंज इटिंग डिसऑर्डर नावाचा मान्यताप्राप्त विकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. न खाणाऱ्याबद्दलही असंच ठळकपणे छापायला हवं. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंहून अधिक, तर तपासणी करावी. नैराश्यात भूक मरते, तशी काहींची वाढते. आणि थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत असेल तर धडधड, हात थरथरणं, घाबरं होणं, वजन उतरणं, हे सगळं थेट काळजीसारखंच दिसतं. तिथं भूक बहुधा वाढलेली असते, पण निदान रक्ततपासणीनंच होतं.

याच पुरवणीत वजन घटवलेल्यांची 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रं आपण छापता. ती छापण्याआधी वजन कशानं घटलं हे विचारण्याची पद्धत ठेवावी. आणि प्रश्नोत्तरांचं सदर चालवणाऱ्या डॉक्टरांना ताणात भूक मरण्यावर एक स्वतंत्र लेख लिहायला सांगावं, ही विनंती.

आपली,
कँटीन चालवणारी एक वाचक