रात्री माझा फोन उचलू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतंय, झोप सहा-सात तास लागतेय, एकही दिवस कामावर दांडी नाही. हे फोनवर सांगायला गेले असते तर माझा आवाज कापला असता आणि तुम्ही लगेच समजूत घालायला लागला असता. तेच थांबवायचं आहे, म्हणून लिहितेय.

पाच आठवड्यांपासून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जातेय. तुम्हाला न विचारता. आई, तुला हे लागणार, ठाऊक आहे. आत्याच्या वेळी जे झालं त्यानंतर आपल्या घरात हा विषय कुणी काढलाच नाही. पण मी तडकाफडकी ठरवलेलं नाही. चार महिने विचार केला, दोन डॉक्टरांचं मत घेतलं. खर्चाची सोय केली आहे, कामाच्या वेळाही सांभाळल्या जातात.

मला जे आहे त्याला ओसीडी म्हणतात. आपला जुना शब्द मंत्रचळ. मंत्रचळ म्हटलं की सारखे हात धुणारं माणूस डोळ्यांसमोर येतं. माझं धुणं मनातल्या मनात चालतं. ‘माझा देवावर खरंच विश्वास आहे ना?’ असं मनात येतं, पोटात खड्डा पडतो, मग मी स्वतःला तपासते, घटकाभर बरं वाटतं आणि पुन्हा तोच प्रश्न. प्रार्थनेतला एक शब्द मनापासून म्हटला गेला नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा पहाटेचे साडेतीन वाजले होते.

मग दोन वर्षांपूर्वी मी नास्तिक झाल्याचं तुम्हाला सांगितलं. बाबा, तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा सांगता आलं नाही, आज सांगते: ते तुमच्याविरुद्धचं बंड नव्हतं. मला वाटलं, देवच नाही म्हटलं की प्रश्नच मिटेल. नाही मिटला. ‘आणि असलाच तर?’ ‘मी खरी नास्तिक आहे की नुसती म्हणतेय?’ रात्र-रात्र दोन्ही बाजूंचे वाद ऐकायचे, मुद्दे मोजायचे. बाजू तेवढी बदलली, तपासणं तेच राहिलं. म्हणून मनाला लावून घेऊ नका. हे तुमच्या संस्कारांमुळे झालं नाही आणि मी वाचलेल्या पुस्तकांमुळेही नाही. श्रद्धाळूंनाही शंका येतात, नास्तिकांनाही येतात, आणि ते त्या शंकेसकट जेवतात, झोपतात. मला मात्र शंभर टक्के खात्री हवी असते, आणि या बाबतीत ती कुणालाच मिळत नाही.

आई, तुला वाटेल हे आजकालचं काहीतरी खूळ. नाही गं. ख्रिस्ती धर्मगुरूंचा जेझुइट संघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसाला राहिले होते. धर्मगुरूपुढे सगळ्या पापांची कबुली देऊनही काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटून ते पुन्हा पुन्हा कबुली देत. जीव द्यावा असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं. शेवटी जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही असं त्यांनी ठरवलं, आणि त्यातून ते सुटले. श्रद्धेबद्दलच्या या त्रासाला इंग्रजीत स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. त्या नावाचं मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ टोकदार खडा. मुसलमान अशा शंकांना वसवास म्हणतात. हा खडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आणि १९७८ साली दोन संशोधकांनी काहीही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा दहांतल्या जवळपास आठ जणांनी असे नकोसे, भलते विचार आम्हालाही येतात असं सांगितलं. त्यांना विचार येतो आणि जातो. मी त्याला दारातच अडवून जाब विचारत बसते.

उपचारात मला कुणी देव सोडायला सांगत नाही, धरायलाही नाही. ‘कदाचित देव असेल आणि मी त्याला दुखावलं असेल’ हे वाक्य मी कागदावर लिहून वाचते आणि नंतर काहीच करत नाही. प्रार्थना नाही, शोधाशोध नाही, कुणाला विचारणं नाही. भीती चढते, मी बसून राहते, ती उतरते. पहिल्या दिवशी मी रडले होते. आता तेवढं होत नाही. गोळ्याही आहेत, त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात.

आता तुमच्याबद्दल. नऊ वर्षांची असताना मी अंधारात तुमच्या खोलीत यायचे, आठवतं? ‘बाबा, मी मनात देवाला वाईट बोलले. तो रागावला का?’ तुम्ही पांघरूण उचलून मला मध्ये घ्यायचा आणि म्हणायचा, ‘नाही गं राणी, देव असा रागावत नाही.’ आई पाठीवरून हात फिरवत राहायची. तेवढ्याने झोप यायची. मी अजूनही तेच करतेय, फक्त आता मध्यरात्री फोनवर. तुमचं काहीच चुकलं नाही. कुठल्याही आई-बापाने हेच केलं असतं. पण प्रत्येक ‘नाही गं’नंतर माझा आजार थोडा आणखी माजतो, आणि पुढच्या वेळी त्याला आणखी एक ‘नाही गं’ लागतं.

म्हणून मी सांगते तसंच करायचं. मी तो प्रश्न विचारला की इतकंच म्हणा, ‘याचं उत्तर आम्ही देणार नाही, पण आम्ही इथेच आहोत.’ मी चिडेन, रडेन, तरी बधायचं नाही. बाबा, श्रद्धेवरचे व्हिडिओ पाठवणं बंद. आई, माझ्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर जरूर कर, मला सांगू मात्र नकोस. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळीच द्यायची, ‘आज बरं वाटतंय’ हे ऐकून घ्यायचं नाही. तुझे गुडघे दाखवायचे राहिलेत. याच महिन्यात जा.

आणि रात्री दहानंतर फोन उशाशी नको, बाहेरच्या खोलीत ठेवा. खरंच काही निकड असली तर शेजारच्या काकांना फोन करीन, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. इतकी वर्षं माझ्यामुळे तुमची झोप मोडली. रविवारी सकाळी मी फोन करीन, तेव्हा मला सांगा, रात्री झोप लागली का.

तुमची,
राणी