आबासाहेबांचं मत कुठे सापडेल?

सांगोला,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा आपला फोन झाल्यापासून तुझ्या लेकीचा प्रश्न डोक्यातून जाईना. ती न्यू जर्सीत राहते. तिथल्या राज्य विधिमंडळात कुठल्या विधेयकाला कोण हो म्हणालं आणि कोण नाही, हे नावानिशी कुणालाही बघता येतं. म्हणून ती तुला म्हणाली, ‘बाबा, गणपतराव देशमुखांचं एवढं सांगता, तर त्यांनी सभागृहात मतं कशी दिली ते दाखवा.’ गणपतराव म्हणजे आपले आबासाहेब, सांगोल्याचे अकरा वेळचे आमदार. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष होय-नाही विचारतात, आवाज होतो, ‘होयचे बहुमत’ असं जाहीर होतं आणि काम पुढे सरकतं. कोणाचा आवाज कुठल्या बाजूला होता, ते कागदावर उतरत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा असाच संमत झाला. मतविभाजनाची, म्हणजे मतं मोजायची, मागणी होऊनही. आबासाहेब तेव्हा अकराव्यांदा निवडून आलेले होते, पण त्या दिवसाचं त्यांचं मत तुझ्या लेकीला कुठेच सापडणार नाही. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९, म्हणून तो हिशेब तेवढा पक्का राहिला. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हीप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला की आमदारकी धोक्यात येते. म्हणजे मत नोंदलं गेलं तरी त्यात पक्षाचं मन जास्त दिसणार. मला हे मनापासून खटकतं. आपण ज्याला निवडून देतो त्याने आपल्या नावावर काय केलं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आबासाहेबांची बाकीची कारकीर्द मात्र लख्ख आहे. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा माणूस, वकिली करायला सांगोल्यात आला आणि १९६२ ला शेतकरी कामगार पक्षाकडून आमदार झाला. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला पुन्हा निवडून आले. १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री झाले, उरलेला बहुतेक काळ विरोधी बाकावर. एवढ्या वर्षांत पक्षाचा लाल बावटा सोडला नाही. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. एसटीतून जाणारा आमदार म्हणून बाहेरच्यांना त्यांचं अप्रूप वाटायचं, आपल्याला ते रोजचंच होतं. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत, नातू ७६८ मतांनी पडला. आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ ला दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आला. आडनावावर मत देणं मला पटत नाही. नातवाचं कामही नातवाच्याच प्रश्नांवरून मोजायला हवं.

कारण आमदाराचं मन खरं दिसतं ते त्याने विचारलेल्या प्रश्नांत. मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयावरची लक्षवेधी, सरकारच्या खर्चात कपात सुचवणारी कपात सूचना, हे सगळं विधिमंडळाच्या कामकाजाच्या अहवालात नावानिशी छापलेलं असतं. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी कोण किती वेळा उठून उभा राहिला, ते तिथे कळतं. मागच्या निवडणुकीत मी निवडणूक कार्यालयाबाहेर फलकासमोर उभा राहून उमेदवारांची शपथपत्रं वाचली. पानापानावर नोटरीचा शिक्का, बायकोच्या नावावरचं सोनं तोळ्यांत, सोसायटीचं कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, अंगावरचे खटले. तासभर वाचत होतो. पाणी आणि चारा यावर हा माणूस सभागृहात कधी बोलला का, याला मात्र त्या कागदांत रकानाच नाही.

म्हणून एक काम आपण दोघांनी करायचं असं माझ्या मनात आहे. आबासाहेबांची सभागृहातली भाषणं आणि प्रश्न सालवार लिहून काढायचे. १९६२ ते ७२ ची दहा वर्षं तू घे. मला ७४ च्या पुढचा काळ हवा. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, तेव्हा ते सभागृहात होते. त्या चर्चेचं पान मला आधी वाचायचंय. दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची, तुला आठवत असेल. संध्याकाळी ती तळहाताला गोडंतेल चोळत बसायची, आणि तरीही भाकरी थापताना घट्टे पिठात खरखरायचे. तिच्या रोजाबद्दल आपला आमदार काय बोलला, ते त्याच्याच शब्दांत मला बघायचंय.

लेकीला सांग, आवाजी मतदानातलं मत सापडणार नाही. ही वही तयार झाली की तिला पहिली प्रत पाठवू. तू दिवाळीत येशील तेव्हा चार दिवस जास्तीचे काढून ये. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना बाकमित्र