टर्बो बिघाडाची वॉरंटी ‘जास्त आरपीएम’च्या कारणावरून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
वॉरंटी विभागप्रमुख,
मोटार उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय.

प्रत माहितीसाठी: सोलापूर येथील आपले अधिकृत सेवा केंद्र.

विषय: एमएच-१३ नोंदणीच्या १ लिटर, तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल गाडीचा टर्बो ३८,००० किलोमीटरवर निकामी, वॉरंटी दावा नाकारल्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील गाडीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) वॉरंटीच्या मुदतीत निकामी झाला. आपल्या सेवा केंद्राने दावा नाकारताना जॉब कार्डावर एका ओळीत कारण लिहिले आहे: ‘इंजिन सातत्याने जास्त आरपीएमवर चालवल्याने टर्बोची झीज.’ पुरावा म्हणून स्कॅनरवरचा एकच आकडा जोडला आहे, नोंदलेला कमाल वेग ५,४६० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). आपल्याच मीटरवर लाल पट्टा ६,००० ला सुरू होतो. म्हणजे कंपनीने स्वतः आखून दिलेल्या मर्यादेच्या आतला आकडा ग्राहकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला आहे. हे कारण मान्य नाही. का मान्य नाही, ते खाली सविस्तर मांडत आहे, कारण सेवा केंद्रात तोंडी बोलून ‘वरून आलं आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

या इंजिनाला रेव्ह लिमिटर आहे. मर्यादा आली की ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) इंधन तोडतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन लाल पट्ट्यात फार पुढे जात नाही. ही मर्यादा ओलांडायचा एकच मार्ग उरतो, वेगात असताना चुकीचा खालचा गिअर पडणे; तेव्हा चाकेच इंजिनाला ओढतात आणि लिमिटर काही करू शकत नाही. तसे झाले असते तर कमाल नोंद ६,००० च्या वर दिसली असती. ती ५,४६० आहे. शिवाय ‘सातत्याने’ हा शब्द कालावधी सांगतो आणि कमाल आकडा कालावधी सांगत नाही. ओव्हरटेक करताना दोन सेकंद गेलेला काटा आणि तासभर तिथेच ठेवलेला काटा, दोन्ही या नोंदीत सारखेच दिसतात. आरपीएमच्या टप्प्यांनुसार इंजिन किती तास चालले याची नोंद ईसीयूत असेल, तर ती काढून दाखवावी. नसेल, तर ‘सातत्याने’ हा शब्द मागे घ्यावा.

जास्त आरपीएमने झीज होतच नाही, असा माझा दावा नाही. पिस्टनला वर-खाली थांबवून उलट फिरवण्याचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो: ३,००० वरून ६,००० वर गेले की तो चौपट होतो. तो कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर, पिस्टन पिनवर आणि बेअरिंगवर येतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना काम वाढते, तेल तापते, आणि सकाळी सुरू केल्याबरोबर थंड तेलावर इंजिन रेस केले तर बोअर आणि रिंगा नक्कीच घासतात. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापले असे नसते, तेल त्याच्या बरेच मागे असते. पण या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनचा एका दिशेचा प्रवास) साधारण ७६ मिलिमीटर धरला, तर ६,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.२ मीटर येतो. रोजच्या वापराच्या पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा बेताचाच आहे. गरम झालेले इंजिन त्या वेगाला अधूनमधून जाणे हा गैरवापर ठरत नाही.

आता दुसरी बाजू. याच जॉब कार्डावर ‘ग्राहकास २,००० आरपीएमच्या आत गाडी चालवण्याचा सल्ला दिला’ असेही लिहिले आहे. हा सल्ला छोट्या टर्बो इंजिनासाठी घातक आहे. १ लिटरच्या इंजिनातून १७० न्यूटन मीटर टॉर्क काढला, की सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब सुमारे २१ बार होतो. टर्बो नसलेल्या १.२ लिटर इंजिनात ११३ न्यूटन मीटरला तोच दाब १२ बारच्या आसपास असतो. आणि आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे हा पूर्ण टॉर्क १,७५० आरपीएमलाच मिळतो. तो इतक्या लवकर मिळावा म्हणूनच तर टर्बो लहान निवडला आहे: लहान चाक हलके असते आणि थोड्या एक्झॉस्टवरही पटकन फिरू लागते. मोठा टर्बो बसवला असता तर जोर उशिरा आला असता आणि शहरात गाडी मरगळलेली वाटली असती.

क्रँकच्या बेअरिंगमधला तेलाचा थर वेग आणि तेलाचा दाटपणा यांबरोबर वाढतो, भाराबरोबर कमी होतो. भार सर्वांत जास्त आणि वेग सर्वांत कमी, अशी वेळ म्हणजे १,५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाला. थर तिथेच सर्वांत पातळ असतो. तुळजापूरच्या घाटात पाच माणसे, एसी चालू आणि पाचव्या गिअरमध्ये १,४०० वर दाबत नेलेली गाडी, ही सेवा केंद्राच्या सल्ल्याप्रमाणे ‘जपून’ चालवलेली गाडी ठरेल. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० वर तोच चढ चढणे इंजिनाला कितीतरी सोपे जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत याच कमी वेग-जास्त भाराच्या पट्ट्यात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते, ज्याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. त्याचा एखादा फटका पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तोडू शकतो. त्याचसाठी एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेला तेलाचे मानक बदलावे लागले: २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी आले. ही गोष्ट सेवा सल्लागाराला ठाऊक नसेल तर निदान जॉब कार्डावर उलटा सल्ला लिहू नये.

लहान टर्बोची किंमत वरच्या आरपीएमलाही मोजावी लागते, हे मान्य. एक्झॉस्टला जायला वाट अरुंद पडते, टर्बाइनच्या (टर्बोतले एक्झॉस्टने फिरणारे चाक) आधीचा दाब वाढतो, तापलेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, आणि टर्बाइन वाचवण्यासाठी ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा हवेची घनता समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा १३ टक्क्यांच्या आसपास कमी भरते, म्हणून तेवढीच हवा द्यायला टर्बोला जास्त फिरावे लागते. पण टर्बो किती लहान ठेवायचा, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) कधी उघडायचा, उन्हाळ्यात बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती कमी करायचा, यातले काहीच ग्राहकाच्या हातात नाही. गाडी सोलापुरात विकली आहे, तर सोलापूरचा उन्हाळा कंपनीच्या हिशेबात असायला हवा.

इंजिनाचे फेरे आणि टर्बोचे फेरे एकमेकांना जोडलेले नसतात, हेही इथे सांगावे लागते आहे. टर्बो किती फिरतो ते एक्झॉस्टचा प्रवाह आणि वेस्टगेट ठरवतात. लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे सहज घेतो. ४० मिलिमीटरच्या चाकाची कड तेव्हा सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे जाते. टर्बो खरोखरच मर्यादेबाहेर फिरला असेल तर त्याच्या खुणा राहतात: कॉम्प्रेसर चाकाच्या (टर्बोतले हवा दाबणारे चाक) पाठीवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, ताणलेली पाती, किंवा फुटलेले चाक. ओव्हरबूस्टचा पी ०२३४ हा कोडही येऊ शकतो. आपल्याच स्कॅन अहवालात तो कोड नाही. आहे तो पी ०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा. टर्बो उघडल्यावर काढलेल्या फोटोंत चाकाची पाठ गुळगुळीत आहे आणि पात्यांच्या पुढच्या कडा धारदार आहेत. त्यामुळे ‘धूळ गेली’ हे पुढचे संभाव्य कारणही आत्ताच बाजूला ठेवावे. धूळ ओढलेल्या चाकाच्या कडा बोथट होतात. ऊसगाळपाच्या हंगामात अक्कलकोट, पंढरपूर भागातल्या रस्त्यांवर धूळ असते हे खरे, म्हणून या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या धुळीच्या भागासाठीच्या अंतरावर बदलला आहे. त्याची बिले आपल्याच सेवा केंद्राची आहेत.

फोटोंत जे दिसते ते वेगळे आहे. शाफ्ट टर्बाइनच्या बाजूला निळा पडला आहे, बेअरिंगचा धातू शाफ्टला चिकटला आहे, आणि शाफ्ट हलल्यामुळे पाती घराला घासली आहेत. ही तेल न पोहोचल्याची खूण आहे. टर्बोचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते. पूर्ण वेगात काही सेकंद जरी पुरवठा तुटला तरी असा डाग पडतो. गरम गाडी एकदम बंद केल्याने तेल जळून कार्बन धरतो हेही एक कारण असू शकते, पण तेव्हा टर्बाइनच्या बाजूला काळे कडक थर सापडतात. फोटोंत ते नाहीत, आणि या टर्बोला पाण्याचे कूलिंगही आहे.

तेल का पोहोचले नाही, याचे उत्तर बहुधा आपल्याच नोंदींत आहे. बिघाडाच्या आधीच्या सर्व्हिसमध्ये तेलाच्या पाझराची तक्रार म्हणून चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून सिलिकॉन सीलंट लावून पुन्हा बसवले होते. सीलंट जास्त लागले की दाबल्यावर आतल्या बाजूला कड येते, ती सुटते आणि तिचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी अर्धी बुजली तरी आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तेलाच्या दाबाचा दिवा पेटत नाही. तेलाची मागणी वाढली की मात्र दाब पडतो, आणि पहिला बळी टर्बो ठरतो. त्याच सर्व्हिसच्या बिलावर ‘इंजिन ऑइल ३.५ लिटर’ एवढेच आहे. पुस्तिकेत फिल्टरसह ४ लिटर सांगितले आहे. अर्ध्या लिटरने टर्बो जात नाही, पण ड्रममधून काढलेल्या तेलाचा ग्रेड आणि मानक कुठेच लिहिलेले नाही, ही बाब जास्त गंभीर आहे.

यातले काहीच तपासले गेलेले नाही. ‘शाफ्ट हाताने हलवून पाहिला, प्ले आहे’ एवढीच तपासणी जॉब कार्डावर आहे. प्ले म्हणजे ढिलेपणा. तरंगत्या बेअरिंगचा शाफ्ट तेल नसताना आडवा थोडा हलतोच. पुढे-मागे होणारा प्ले जवळपास जाणवू नये, आणि तो डायल गेज लावून मोजायचा असतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. निकामी टर्बो, त्याला तेल आणणारा फीड पाइप, तो जोडणारा पोकळ बँजो बोल्ट आणि तेल परत नेणारा रिटर्न पाइप दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सीलबंद करून ठेवावेत. कारखान्यात परत पाठवू नयेत किंवा भंगारात टाकू नयेत. गाडीतले आत्ताचे तेल काढण्याआधी त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत लोह, सिलिकॉन (धूळ आणि सीलंट दोन्हींत असणारे मूलद्रव्य), ॲल्युमिनियम आणि इंधनाचे प्रमाण तपासावे. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही वाढलेले असेल तर धुळीचा संशय घ्यावा. एकटे सिलिकॉन वाढलेले असेल तर सीलंटकडे बघावे. त्यानंतर चेंबर माझ्या व एका स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरच्या समोर उघडावे आणि जाळीचे फोटो काढावेत. टर्बो बिघडताना सुटलेला धातू तेलात गेलेला असतो, म्हणून कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती) चाचणी घेऊन तिन्ही सिलिंडरचे आकडे लेखी द्यावेत.

नवीन टर्बो वॉरंटीत बसवावा, आणि नीट बसवावा. जाळी, फीड पाइप आणि बँजो बोल्ट नवे हवेत. जुना पाइप फुंकर मारून पुन्हा लावलेला चालणार नाही. तेलाच्या इनलेटला सिलिकॉन सीलंट लावू नये, फक्त गॅस्केट. रिटर्न पाइप मोकळा आहे आणि क्रँककेसचा दाब वाढलेला नाही हे आधी पाहावे, कारण परतीचे तेल केवळ उतारावर खाली येते. ते अडले तर नवा टर्बोही सीलमधून तेल सोडेल. इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) व त्याच्या नळ्यांत साचलेले तेल धुऊन काढावे. पुस्तिकेतल्या मानकाचे तेल सीलबंद डब्यातून ४ लिटर भरावे, टर्बोच्या इनलेटमध्ये तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा, इंधन तोडून क्रँक करून रिटर्नला तेल आल्याची खात्री करावी, मगच इंजिन सुरू करून काही मिनिटे आयडलला ठेवावे. शेवटी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर आयडलला आणि ३,००० आरपीएमला तेलाचा दाब मोजावा आणि तो आपल्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशेजारी जॉब कार्डावर लिहावा. जाळी न तपासता नुसता टर्बो बदलून दिला तर मी गाडी ताब्यात घेणार नाही.

जॉब कार्डावरचा २,००० आरपीएमचा सल्ला लेखी मागे घ्यावा ही वेगळी मागणी आहे. तोच सल्ला या सेवा केंद्रात येणाऱ्या इतर टर्बो गाड्यांच्या मालकांनाही दिला जात असणार.

हे पत्र पोहोचल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि कलम ३८ प्रमाणे टर्बो व तेलाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती करीन. त्या तक्रारीत सेवा केंद्र आणि कंपनी दोन्ही पक्षकार असतील.

जॉब कार्ड, दोन्ही स्कॅन अहवाल, चेंबरच्या कामाचे आणि तेलाचे बिल, एअर फिल्टरची बिले व टर्बोचे फोटो सोबत जोडले आहेत. गाडीचा नोंदणी व चासी क्रमांक आणि माझा संपर्क जॉब कार्डावर आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत, तपासणीच्या वेळी दाखवीन.

कळावे,
आपला ग्राहक
(स्वाक्षरी)
सोलापूर