बाइंडर काका, कटिंग मशीन चालवलं नाहीत त्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीये मला, नातवाने वाचून दाखवलं तर ठीक, नाहीतर मी सोमवारी दुकानात येऊन मोबाइलवरून वाचणार आणि तुम्ही मधेच "बास, खळ वाळतेय माझी" म्हणणार.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. मला जुने विस्डेन जमवायचा नाद आहे. विस्डेन म्हणजे इंग्लंडात दरवर्षी निघणारं क्रिकेटचं जाडजूड वार्षिक, 1864 पासून चालू आहे, पहिला अंक जेमतेम 112 पानांचा, एक शिलिंगचा, आणि त्यातही क्रिकेट कमी पडलं म्हणून कालव्यांची लांबी नि धर्मयुद्धांच्या तारखा घुसडलेल्या. तो अंक काय आपल्या बापजन्मात परवडणार नाही. 1916 चाही नाही, पहिल्या महायुद्धात छापलाच कमी आणि वर इंग्लंडच्या दिग्गज डब्ल्यू. जी. ग्रेसचा मृत्युलेख त्यात, म्हणजे सगळे टपलेले. मला पाहिजे होता 1912 चा, म्हणजे 1911 च्या सीझनचा. (अंकावर पुढचं वर्ष असतं, आतला मजकूर आदल्या सीझनचा, यात नवीन माणूस हमखास फसतो, मीपण आधी 1911 चा घेऊन बसलेलो.)

1911 कशासाठी, तर त्या वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली अखिल भारतीय टीम पहिल्यांदा इंग्लंडला गेली. बहुतेक मॅचेस हरली, पण लेस्टरशायर आणि सॉमरसेटला हरवून आली, आणि आपल्या बॉलर पालवणकर बाळूंनी सगळ्या दौऱ्यात मिळून 114 विकेट काढल्या. हेच बाळू आधी इथे पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर मैदान राखायचे आणि साहेबांना नेटमधे बॉलिंग टाकायचे. हिंदू टीमने त्यांना घेतलं ते विकेट पाहिजेत म्हणून, पण दलित म्हणून चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. आणि विस्डेनच्या स्कोअरकार्डात बघा, राजा असो नाहीतर बाळू, टाइप सारखाच बारीक. मला तेच पान हातात धरायचं होतं बस.

तर अंक आला इंग्लंडहून, विकणाऱ्याने "चांगली प्रत" लिहिलेलं, आणि पाकीट उघडतो तर पाठीचा कागद अर्धा गळालेला, पहिले दोन फर्मे (पानांचे शिवलेले गठ्ठे) सुटलेले, कोपरे वाकलेले. घरभाड्याएवढे पैसे घातलेले हो. तसाच पिशवीत घालून तुमच्याकडे आलो आणि काय शहाणपणा केला तर म्हटलं काका, मस्त लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कडा कटिंगमधून सरळ करा आणि पुढच्या-मागच्या जाहिराती टाकून द्या, उगाच जाडी वाढते.

तुम्ही चष्मा वर केलात, पाचेक मिनिटं नुसती पानं उलटलीत, आणि म्हणालात, "हे मी करणार नाही. दुसरीकडे जा, आणि दुसरीकडे पण जाऊ नको."

तेव्हा राग आला होता, खरं सांगतो. गिऱ्हाईक मी, पैसे माझे. घरी जाऊन जरा शोधाशोध केल्यावर पोटात गोळा आला, कारण जमवणारी मंडळी मूळ कागदी कव्हर, पाठ, जाहिराती आणि त्या वर्षीच्या खेळाडूंच्या फोटोचं पान, हे सगळं जागेवर आहे का तेच आधी बघतात. कापलेली कडा परत येत नाही. आणि त्या जाहिराती म्हणजे काय, विस्डेन ही मुळात बॅट-बॉल विकणारी कंपनी, तिचं दुकानच त्या पानांवर मांडलेलं. तुम्हाला यातलं क्रिकेट शून्य कळतं (गावसकरनंतर बघणं सोडलं म्हणालात), तरी कागद बघून कळलं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा टोमणा मारला नाहीत, हे जास्त लागलं. सुटलेले फर्मे जुन्याच भोकांतून शिवलेत, पाठीला पातळ हातकागद लावलात, आणि एरवी खळीत मोरचूद घालता ते यावेळी घातलं नाहीत, डाग पडेल म्हणून. चिकटपट्टी लावलीस तर दुकानात पाऊल ठेवू नको अशी धमकी. मग मापाची पुठ्ठ्याची पेटी करून दिलीत, वर वेखंडाची पुरचुंडी, आणि पैसे किती तर दोनशे. मी जास्त द्यायला लागलो तर म्हणालात, त्यात बाळूंचं पान वाचून दाखव.

वाचलं की नाही मग, दोन गिऱ्हाइकं थांबलेली आणि लॅमिनेशनवाला पोरगापण येऊन उभा.

आता सोमवारचं. 1933 चा मिळालाय, विस्डेन दरवर्षी पाच खेळाडू निवडतं ना, त्यात त्या वर्षी आपल्या सी. के. नायडूंना घेतलेलं तो अंक. कागदी कव्हर आहे, मागचं पान लोंबतंय. हात लावलेला नाही, चिकटपट्टीही नाही, आईशप्पथ. येताना तुमच्यासाठी भडंग आणतो, फक्त ते खाऊन तेलकट हाताने अंक धरायचा नाही, हे यावेळी मी सांगतोय.

तुमचाच,
1912 वाला