मेसेज काढा, पण कारण लिहा

महोदय,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या तीन ॲडमिनांपैकी मी एक, त्यामुळे ज्या भांडणाबद्दल लिहिते आहे त्यातून माझीही सुटका नाही.

ग्रुप सुरू झाला तो वीज कधी येणार हे विचारण्यासाठी. आज चारशेच्या वर माणसं आहेत. नळाला पाणी नाही, पोदेर (पाववाला) आला नाही, कोणाची गाय चुकली, चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीसाठी, कांगलां ही रानफळं कोणाकडे मिळतील, सगळं तिथेच. नियम नव्हतेच. मग एका रात्री मुलं पळवणाऱ्या टोळीचा फॉरवर्ड फिरला आणि सकाळी चादरी विकायला आलेल्या एका गरीब माणसाला देवळापाशी वीसेक जणांनी घेरलं. मारलं नाही, एवढंच. त्या दिवशी आम्ही तीन नियम केले: अफवा नको, शिवीगाळ नको, राजकारण नको. पहिल्या दोन नियमांबद्दल आजही माझं दुमत नाही. घोळ तिसऱ्याने केला. गावात राजकारण नाही असं काय असतं हो? रस्त्यावरचा दिवासुद्धा कुठल्या तरी पंचाचा असतो.

फेब्रुवारीत एका मुलाने ताडपत्री न घालता शाळेसमोरून जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांचा व्हिडिओ टाकला आणि पंचांना विचारलं, तुम्ही काय करता? अर्ध्या तासात मेसेज गायब. काढणाऱ्या ॲडमिनचे स्वतःचे दोन ट्रक त्याच रस्त्यावर धावतात. मुलाने पुन्हा विचारलं, ‘म्हजो मेसेज कित्याक काडलो?’ (माझा मेसेज का काढला?) तर मुलगाच रिमूव्ह. वर ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ असा करून टाकला. दुसऱ्याच दिवशी पाण्याचा पंप बंद पडला आणि ते सांगायला कोणाला जागाच नव्हती!

त्या ॲडमिनचं म्हणणं, उद्या पोलीस आले तर मलाच बोलावतील. ही भीती मलाही होती. पण २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून निव्वळ ॲडमिन आहे एवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही. दोघांचा तसा समान हेतू दिसला पाहिजे. गोवा याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. तेव्हा पोलिसांचं नाव पुढे करून ट्रक झाकू नयेत.

माझंही एक सांगते, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. कोणीतरी रोमी कोकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, लिहिलं होतं, पंचायतीची नोटीस मराठीत कशाला? मी एका मिनिटात काढून टाकलं. भाषेबद्दल आमचा कुठलाच नियम नव्हता. होती फक्त मी, पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, आणि माझा राग. (कोकणी-मराठीचा वाद कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्याने मिटला असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या ग्रुपवर एक रात्र काढावी.)

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी ग्रामसभा भरते. तिथे आरडाओरडा कमी नसतो, एखाद्याला खाली बसायलाही सांगतात. पण सगळ्यांसमोर सांगतात, आणि झालेलं इतिवृत्तात यावं म्हणून भांडता येतं. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. कोणी पुसला ते दिसतं. का पुसला, ते नाही.

म्हणून मी हट्ट धरला. काढणाऱ्याने तिथेच एक ओळ कारण लिहायचं. ज्याचा त्या विषयात स्वार्थ, त्याने हात लावायचा नाही, दुसरा ॲडमिन ठरवील. रिमूव्ह केलं तर किती दिवसांसाठी, तेही सांगायचं. आणि ‘राजकारण नको’ऐवजी ‘निवडणुकीचा प्रचार नको’ असं लिहायचं. बारा दिवस वाद चालला. ट्रकवाले ॲडमिन अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मुलगा परत आला आहे. रोमीत लिहिणाऱ्या बाईंची मी ग्रुपवरच माफी मागितली. त्यांनी उत्तर रोमीतच दिलं. इतर गावांतले ॲडमिन काय करतात ते या सदरात वाचायला आवडेल.

एक निवृत्त शिक्षिका, डिचोली