आई-बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

प्रिय आई आणि बाबा,

हे खरं तर फोनवर सांगायचं होतं. तीन रविवार ठरवलं, आणि तीनही वेळा आईने "बाकी काय विशेष" विचारल्यावर मी "काही नाही गं, नेहमीचंच" म्हणून सुटका करून घेतली. तर विशेष हे आहे की मी मोटरसायकल घेतलीये. घेणारे असं नाही, घेतलीये, महिना झाला, खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून दोन कुलुपं लावून उभी आहे. बाबा, चष्मा काढून कागद आईच्या हातात देऊ नका, पुढे वाचा. आणि दादाला माहितीये, मीच त्याला बोलू नको म्हटलं होतं, त्यामुळे त्याला ओरडायचं नाही.

आत्ता तुमच्या दोघांच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळतंय. माझ्याही डोक्यात तेच येतं. मामाचा विषय मी काढत नाही, तुम्हीही काढू नका, एवढंच सांगते की तो दिवस विसरून मी ही गाडी निवडलेली नाही. तो समोर ठेवूनच निवडलीये, म्हणून तर निवडायलाच पाच महिने लागले.

कारणं हवी असतील तर भरपूर आहेत. ऑफिसला जायला दोन बस बदलून सव्वा तास लागतो, गाडीवरून पस्तीस मिनिटं. संध्याकाळी उशीर झाला की बस मिळेल की नाही हा घोर नाही. पेट्रोल कमी खाते. अशी अजून दहा सांगेन आणि ती सगळी खरीही आहेत, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दहावीपासून मला चालवायची होती आणि आता मी चौतीस वर्षांची आहे. "मग स्कूटर का नाही" हे आई विचारणारच. स्कूटर चांगलीच असते गं, पण मला गिअरची हवी होती. बस्स, याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही.

आधी गाडी नाही घेतली, आधी शिकले. दोन शनिवार-रविवार, बंद मैदानावर. पहिला तासभर तर इंजिन चालूसुद्धा करू दिलं नाही, नुसती गाडी ढकलत फिरवायची, म्हणजे वजन कुठे झुकतं ते हाताला कळतं. मग क्लच हळूहळू सोडत नेमकी कुठे गाडी ओढ घेते तो बिंदू शोधायचा, पन्नास वेळा, साठ वेळा, बोटं सुजेपर्यंत. मग आठाच्या आकड्यात वळणं, मग जोरात ब्रेक. तिथे शिकवणारे सारखे ओरडायचे, नजर वर, जिथे जायचंय तिकडे बघा, दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. आणि मला हसूच आलं, कारण आई, तू माझ्या सायकलच्या मागे कॅरिअर धरून पळत होतीस तेव्हा शब्दाशब्दाने हेच म्हणायचीस, "खड्ड्याकडे बघितलंस की खड्ड्यातच जाशील." तू कधी काही चालवलं नाहीस, तुला हे कोणी सांगितलं होतं गं?

आता गाडीबद्दल. बाबा, हे तुमच्यासाठी सविस्तर लिहितेय, आईने वाटल्यास हा भाग सोडला तरी चालेल. (सोडणार नाहीस, माहितीये.)

मला आधी काय आवडलं होतं ते कबूल करते. चार सिलिंडरची ६०० सीसीची स्पोर्ट बाईक, ती पुढे वाकून बसायची. दिसायला एवढी देखणी की मी दोन आठवडे फोनवर तिचाच फोटो ठेवला होता. मग नीट माहिती काढली. त्या वर्गातल्या गाड्यांना शंभराच्या वर हॉर्सपॉवर असते आणि नुसत्या पहिल्या गिअरमध्ये त्या ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातात. पहिल्या गिअरमध्ये, बाबा. नवख्या माणसाचा उजवा हात अजून शिकलेला नसतो, एक खड्डा आला, अंग मागे गेलं की मनगटही सोबत मागे वळतं आणि ॲक्सिलरेटर पिळला जातो. छोट्या गाडीत नुसता हिसका बसतो आणि पुढच्या वेळी हात शहाणा होतो. त्या गाडीत पुढची वेळ येईलच असं नाही. युरोपात तर नव्या लोकांना मधल्या पायरीच्या लायसन्सवर ३५ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरच्या वरची गाडी चालवताच येत नाही, आणि मला तो नियम अगदी पटला. फोटो काढून टाकला.

मग उंची. तुमच्या दोघांच्या कृपेने माझी उंची जेवढी आहे तेवढीच आहे, आणि यात मला कोणाला दोष द्यायचा नाही, पण आई, सुरुवात तू केलीस. एक उंच टूरिंगची गाडी बघायला गेले होते, सीट ८३० मिलिमीटरची. बसले तर दोन्ही पायांच्या फक्त चवडे टेकत होते, आणि विकणारा म्हणतो सवय होते मॅडम. होत असेल, पण उतारावर सिग्नलला थांबल्यावर एक पाय खळग्यावर पडला की दोनशे किलो तिकडेच झुकणार आणि मी तिच्याखाली. बाबा, तुमचं ते वाक्य आठवलं, की नवशिका पळत्या गाडीवरून कमी पडतो, उभ्या गाडीवरून जास्त. त्यामुळे मी एकच कसोटी ठेवली, दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर आणि गुडघे थोडे वाकलेले. कागदावरची उंचीही पूर्ण खरी नसते, सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय अजून आखूड होतात, त्यामुळे बसूनच बघावं लागतं. मी नऊ गाड्यांवर बसले.

शेवटी घेतली ती होंडाची रिबेल ३००, सेकंडहँड. सीट ६९० मिलिमीटर, म्हणजे मी अक्षरशः स्टुलावर बसल्यासारखी बसते. २८६ सीसी, एकच सिलिंडर, ताकद पंचवीस हॉर्सपॉवरच्या आसपास. वजन पेट्रोल-ऑइल धरून १७० किलोच्या आत. हे पेट्रोल धरून म्हणजे महत्त्वाचं बरं का, काही जण कोरडं वजन सांगून गाडी हलकी भासवतात, पण कोरडी गाडी कोण चालवतं! "एवढीशी गाडी, वर्षात कंटाळशील" असं ऑफिसातल्या तिघांनी ऐकवलं. कंटाळेन तेव्हा बघू, पहिली गाडी ही काही शेवटची नसते. (हे वाक्य वाचलंच नाही असं समजा.)

एबीएस असलेलीच हवी यावर मी अडून बसले होते, त्यापायी दोन स्वस्तातल्या गाड्या सोडल्या. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरते, एबीएस तेवढं अडकू देत नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्या ताडून बघितल्या, तर एबीएसवाल्यांमध्ये जीवघेण्या अपघातांचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी निघालं. मी घाबरणार हे मला माहितीच आहे, म्हणून घेतलं.

सेकंडहँड का, तर पहिली गाडी पडतेच, नवी कोरी पडली की जीव जास्त तुटतो. आणि नीट तपासून घेतलीये. तुम्ही निळ्या स्कूटरच्या वेळी केलं होतंत तसंच, गेल्या गेल्या आधी इंजिनाला हात लावून बघितला. एका ठिकाणी विकणारा म्हणाला सकाळपासून चालूच केली नाही, आणि सायलेन्सर चांगला कोमट! थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं म्हणून आधीच तापवून ठेवलं असणार. मी नमस्कार करून निघाले. हिच्यात मात्र सगळं थंड होतं, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे दांडे कोरडे, ऑइल गळत नव्हतं, हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मध्ये कुठे अडखळत नव्हतं, लिव्हरची टोकं घासलेली नव्हती. फक्त टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी छान शिल्लक होती पण आकड्यांवरून टायर सात वर्षांचे निघाले, रबर पार कडक. किंमत पाडून घेतली आणि दोन्ही नवे बसवले. नवे टायर आधी गुळगुळीत असतात, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर मी अशी चालवली की सायकलवाले मागे वळून बघत होते.

आता एक सांगायचंय, दादाने सांगण्याआधी मीच सांगते. पडले एकदा. म्हणजे पडले असं नाही, गाडी पडली, मी तिच्या बाजूला बसले. आपल्याच पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगात वळत होते, हँडल वळलेलं आणि घाईत पुढचा ब्रेक दाबला. तसं करायचं नसतं, शिकवलंही होतं. सरळ चालताना थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, पण हँडल वळलेलं असताना हळू वेगात तोच दाबला की गाडी झोपते. तशी झोपली, सावकाश, म्हशीसारखी. नडगीवर काळं-निळं झालं होतं, आता पिवळं आहे, म्हणजे बरं होतंय. मलम पाठवू नकोस आई. उचललीही माझी मीच, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागे, आणि पायांच्या जोराने मागे मागे पावलं टाकत उभं राहायचं, कंबर वाकवायची नाही. आधी पलीकडचं साइड स्टँड उघडून ठेवायचं, नाहीतर ती दुसऱ्या अंगाला जाते. मला एवढा आनंद झाला की दोन मिनिटं तिथेच हसत उभी होते, वॉचमनकाका घाबरले.

बाकी माझी काळजी करू नका. झोप नीट होते, उलट लवकर घरी आल्यामुळे जास्तच. जेवण वेळेवर. पाठ दुखत नाही, ताठ बसायची गाडी आहे. जॅकेटमध्ये खांदे, कोपर आणि पाठीला पॅड आहेत, ग्लोव्ह्ज आहेत, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आहेत, थंडी वाजत नाही. पहिले तीन महिने पावसात नाही, अंधार पडल्यावर नाही, हायवेला नाही, मागे कोणालाही बसवणार नाही. पोचले की मेसेज करेन. पण मेसेज आला नाही म्हणून लगेच फोनवर फोन करायचे नाहीत, चालवताना फोन बॅगेत असतो, मी उचलणार नाही, आणि तो वाजतोय हे कळलं की माझं लक्ष उडतं. अर्धा तास थांबायचं. आई, अर्धा तास म्हणजे अर्धा तास, दहा मिनिटं नाही.

परवा चालवताना काय आठवलं माहितीये? मी निळ्या स्कूटरवर पुढे उभी, बाबांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंनी हँडलवर, आणि हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली. घरी येताना मला झोप यायची म्हणून मग मधे बसवायचात, आणि आई पदराची गाठ माझ्या कंबरेला मारायची. त्या गाठीच्या भरवशावर मी ढाराढूर झोपायचे. पेट्रोल संपलं की बाबा स्कूटर तिरकी करायचे आणि म्हणायचे, उठली गं, उठली. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते मलाच म्हणताहेत.

आता माझी पाळी. बाबा, तुमचं हेल्मेट. दिवाणखान्यातल्या खिळ्याला लटकलेलं असतं ते. बक्कल तुटलंय, दोरीने बांधता, आणि कोपऱ्यापर्यंत जायचं असेल तर आरशाला अडकवून नेता, दादाने फोटो पाठवलाय. किती वर्षांचं आहे ते? मी कॉलेजला होते तेव्हा घेतलंत. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच मार खाण्यासाठी असतो, एकदा जोरात आपटलं की तो दबतो, वरून काही दिसत नाही, आणि तुमचं जिन्यावरून खाली गेलेलं मी स्वतः बघितलंय. कोक्रेन म्हणून वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिच्या आढाव्यात दिलंय की हेल्मेटने मोटरसायकल अपघातात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, पण ते डोक्यावर असेल आणि पट्टा लावलेला असेल तर, आरशाच्या डोक्यावर असून काय उपयोग. तुम्ही माझ्यासाठी जागरण करणार आणि मी इथे तुमच्यासाठी, त्यापेक्षा दोघं नीट घालूया. आणि आई, तू मागे बसतेस ना, मग तुलाही. केस बिघडतात हे कारण चालणार नाही.

बीपीची गोळी रोजच्या रोज. बाथरूमजवळचा रात्रीचा दिवा बदलून घ्या, दादाला सांगितलंय.

आणि आई, तुझी शिवणाची टेप काढ. बाबांच्या भुवयांच्या एक बोट वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग येईल अशी गोल फिरव, घट्ट नाही, सैल नाही. दोनदा मोज, सेंटिमीटरमध्ये, इंचात नको. मग बाबांना तुझं मोजायला सांग. दोन्ही आकडे मला आजच पाठवा. हेल्मेट आलं की घालून डोकं हलवायचं, गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, सुरुवातीला गाल दाबल्यासारखे वाटतील, ते बरोबर असतं, मोठा साइज मागायचा नाही. रंग कुठला हवा ते पण कळवा. बाबांना निळा, हे मी धरूनच चाललेय.

तुमचीच,
बबडी