सँ-दनीचा मनोरा दुरुस्तीनेच गेला

मा. संपादक,

पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चच्या छायाचित्रात एकच मनोरा पाहून 'दुसरा मनोरा बांधायचा राहिला' असे अनेकांना वाटते. तो बांधलेला होता आणि सहा शतकांहून जास्त काळ उभा होता. १८३७ मध्ये त्यावर वीज पडली. वास्तुकार देब्रे यांनी शिखर नव्याने बांधले, पण अधिक जड दगडात. खालचे बांधकाम बाराव्या शतकातले. त्याला तो भार पेलला नाही, भेगा पडल्या. १८४५ च्या वादळाने त्यात भर घातली आणि १८४६ मध्ये मनोरा उतरवायला घ्यावा लागला.

हेच चर्च गॉथिक शैलीचा, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय बांधकामाचा, उगम मानले जाते. मठाधिपती स्युजे यांनी बांधून घेतलेल्या पूर्व भागाचे लोकार्पण ११ जून ११४४ रोजी झाले. टोकदार कमान त्याआधीही होती. इथे ती फासळ्यांच्या छताशी (दगडी कमानींच्या सांगाड्यावर पेललेल्या छताशी) जोडली गेली, हे खरे महत्त्वाचे. वेदीमागचा प्रदक्षिणामार्ग वळणदार असल्याने तिथले गाळे (खांबांमधल्या जागा) कमी-जास्त रुंदीचे आहेत. अर्धगोल कमानीची उंची रुंदीच्या निम्मी, म्हणजे प्रत्येक कमानीचा माथा वेगळ्या पातळीवर येणार. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते, शिवाय तिचा बाजूला पडणारा रेटाही कमी असतो. आधी लाकडी सेंट्रिंगवर फासळ्या, मग मधली पातळ दगडी भरणी. भार खांबांवर आणि बाहेरच्या धिऱ्यांवर (भिंतीला बाहेरून आधार देणाऱ्या दगडी टेकूंवर) गेला की भिंतीत मोठ्या रंगीत काचा बसवता येतात. असा हा तोल एकमेकांवर टेकलेला असताना एका भागात वजन वाढवणे घातकच.

आपल्या नागपुरातही चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी वास्तूंचे सांधे सर्रास सिमेंटने भरले जातात, हे पाहवत नाही. सिमेंट कडक, ओल बाहेर न सोडणारे. सांध्यातून बाहेर पडू न शकलेली ओल दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सैल झालेला माल हातछिन्नीने साधारण २५ मिलिमीटर खोल काढावा, सांधा धुऊन ओला करावा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू दाबून भरावी, वर ओली पोती आठवडाभर तरी ठेवावीत. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढावे. मे महिन्याच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच वाळतो आणि भुगा होऊन गळतो.

– वास्तुरचनेचे काही अध्यापक, नागपूर